हिशेब मागणाऱ्यांची महापालिका

संस्थांच्या स्मरणिकांत जो इतिहास छापला जातो त्यात अध्यक्षांच्या तसबिरी, कोनशिला बसविण्याचे समारंभ आणि पुऱ्या झालेल्या कामांची यादी यांना अग्रपूजेचा मान मिळतो, आणि ज्या कलहातून ती संस्था जन्मास आली त्या कलहाची बोळवण एखाद्या ओळीत केली जाते. मुंबई महानगरपालिकेच्या बाबतीत हा प्रघात पाळला, तर तिच्या इतिहासातील सर्वांत मननीय भाग हातचा निसटेल. ४ सप्टेंबर १८७३ रोजी करदात्यांनी निवडून दिलेल्या सभासदांसह ज्या कॉर्पोरेशनची पहिली बैठक भरली, ते कॉर्पोरेशन कोणा गव्हर्नराच्या औदार्याचे फळ नव्हते. शहराच्या तिजोरीतील पैसा कोणाच्या हुकमाने बाहेर पडतो आणि आमच्या घरांवर पट्टी कोणत्या हिशेबाने बसते, हे दोन प्रश्न घरपट्टी भरणाऱ्या गृहस्थांनी एकाच वेळी विचारले व त्यांची तड लागेपर्यंत विचारणे सोडले नाही, म्हणून ते अस्तित्वात आले. जलाशय, रुग्णालये, शाळा आणि पूल यांची वर्णने पुष्कळ ठिकाणी मिळतात. प्रस्तुत लेखात आम्ही केवळ तिजोरीच्या किल्लीचा माग काढणार आहोत.

अव्वल इंग्रजी अमदानीत मुंबईच्या रस्त्यांची झाडलोट व दुरुस्ती १७९३ च्या कायद्यान्वये ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मानकऱ्यांकडे आली. पुढे १८४५ साली एक कॉन्झर्व्हन्सी बोर्ड झाले, १८५८ साली तीन कमिशनर झाले, आणि या तिघांचा मेळ न बसल्यामुळे तीही व्यवस्था फार दिवस टिकली नाही. या सात दशकांविषयी याहून अधिक लिहिण्याचे प्रयोजन दिसत नाही. खरी कथा सुरू होते ती १८६५ च्या दुसऱ्या कायद्यापासून. या कायद्याने जस्टिसांच्या समूहाला एक विधिमान्य संस्था म्हणून स्थान दिले खरे, परंतु कारभाराची सर्व सूत्रे एकट्या म्युनिसिपल कमिशनराच्या हाती ठेवली. पट्टी बसविणारा तोच, वसूल करणारा तोच, मक्ते देणारा तोच आणि खर्च करणाराही तोच. अंदाजपत्रक जस्टिसांनी मंजूर करावे अशी तरतूद होती, जमाखर्चावर नजर ठेवण्यासाठी एक कंट्रोलरही नेमलेला होता. पण जस्टिस म्हणजे सरकारने आपल्या पसंतीने नेमलेले, संख्येने शेकड्यांत मोजावे लागणारे प्रतिष्ठित गृहस्थ, ज्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते आणि म्हणून ज्यांना जाब विचारण्याचा अधिकारही कोणाला नव्हता. सभेस जावे तर मान, न जावे तरी मान कायम, अशी ज्याची स्थिती असते तो मनुष्य हिशेबाच्या वह्या चाळण्यासाठी दुपारची झोप मोडत नाही.

या कायद्याखाली पहिले कमिशनर म्हणून आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड आले. त्यांचे चित्र एकाच रंगात काढणे सोपे आहे, आणि त्या काळच्या पुष्कळांनी ते तसे काढलेही. परंतु कापसाच्या पैशाने अकस्मात फुगलेल्या, गटारांच्या दुर्गंधीने आणि पटकीच्या साथींनी गांजलेल्या त्या मुंबईची वर्णने ज्याने वाचली आहेत त्याला ते चित्र पुरते वाटणार नाही. क्रॉफर्ड यांनी रस्ते रुंद केले, गटारांची कामे हाती घेतली, शहरातील खाटीकखाना वांद्र्यास हलविला, आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्या साह्याने स्वच्छतेच्या खात्याला प्रथमच काही शिस्त आणली आणि मंडया बांधल्या. ज्या मंडईच्या दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंग यांचे शिल्पपट अद्याप दिसतात, ती १८६९ साली पुरी झालेली मंडई त्यांच्याच नावाने दीर्घकाळ ओळखली गेली. मृत्युसंख्या उतरली. हे सारे खरे. परंतु कामाचा झपाटा मंजुरीच्या पुढे धावत होता; मंजूर रकमेच्या मर्यादा ओलांडल्या जात होत्या, आणि आधी काम, मग देणे व सर्वांत शेवटी परवानगी असा उलटा क्रम पडून गेला होता. पुढे जेव्हा हिशेब उलगडण्याची वेळ आली तेव्हा म्युनिसिपालिटीचे देणे तिच्या वसुलीला झेपणारे नाही, एवढे सर्वांस कळून चुकले.

हाच खर्च काही वर्षे आधी झाला असता तर कदाचित कोणी तक्रार केलीही नसती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्या पैशावर बँका व समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांचे भाव गगनाला भिडले. मग युद्ध संपले आणि १८६५ च्या जुलै महिन्यात तो सारा डोलारा कोसळला. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. १८७२ साली ती ६,४४,४०५ निघाली. पावणेदोन लक्ष माणसे शहरातून उणी झाली म्हणजे तितक्या बिऱ्हाडांच्या खोल्या ओस पडल्या, भाडी उतरली, आणि ज्यांनी चढत्या बाजारात कर्ज काढून चाळी व वाडे बांधले होते ते घरधनी हवालदिल झाले. घरपट्टी भाड्यावर बसते. म्हणजे ज्या आकड्यावर म्युनिसिपालिटीची मदार होती तोच आकडा ढासळत होता, आणि नेमक्या त्याच वर्षांत तिचा खर्च वाढत होता. घरपट्टीखेरीज दिवाबत्तीचा कर, पोलिसांचा कर, मैला वाहण्याची हलालखोर पट्टी, गाड्यांवरचा कर आणि मालावरची जकात होतीच. आपल्या मालमत्तेची किंमत अवास्तव धरली आहे असे ज्याला वाटे त्याने दाद मागावी ती पट्टी बसविणाऱ्या कमिशनराच्याच दप्तरात, आणि पट्टी थकली की जप्तीचा हुकूम निघावा तोही त्याच दप्तरातून.

अशा परिस्थितीत करदात्यांच्या सभा भरू लागल्या, अर्जांवर सह्या होऊ लागल्या, आणि वर्तमानपत्रांचे रकाने म्युनिसिपल जमाखर्चाने भरून गेले. या चळवळीत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे ते नौरोजी फर्दुनजी. १८१७ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ बॉम्बे असोसिएशनच्या काळापासून सार्वजनिक कार्यात मुरलेले होते. सरकारी कागद मिळवावा, त्यातील आकडे ताडून पाहावेत, विसंगती दिसेल तेथे बोट ठेवावे आणि समोरचा अधिकारी कितीही मोठा असला तरी ते बोट उचलू नये, ही त्यांची रीत. वक्तृत्वाने सभा जिंकणारे पुढारी या शहराला पुढे पुष्कळ लाभले. हिशेबाच्या चोपडीवर इतका वेळ बसणारे मात्र विरळाच. त्यांच्या जोडीस सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे, जमाखर्चाची जाण असलेले लोकही होते. ३० जून १८७१ रोजी टाऊन हॉलमध्ये जस्टिसांची जी सभा झाली तीत जेम्स फोर्ब्स यांनी ठराव मांडला. कमिशनराची एकतंत्री सत्ता संपवून कार्यकारी अधिकार एका टाउन कौन्सिलकडे सोपविला जावा, असा त्याचा आशय होता. एरव्ही ओस असणाऱ्या त्या दालनात करदात्यांची दाटी झाली. क्रॉफर्ड यांची कारकीर्द त्याच वर्षी संपली.

येथपर्यंतची कथा कोणत्याही शहरात घडू शकली असती. तिला निराळे वळण मिळाले ते २९ नोव्हेंबर १८७१ रोजी, जेव्हा फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टराने म्युनिसिपल सुधारणेच्या प्रश्नावर निबंध वाचला. फिरोजशहा मेहता यांना त्या काळी फारसे कोणी ओळखत नव्हते, आणि त्या सायंकाळी जे ऐकू आले ते सभेला मुळीच रुचले नाही. करदात्यांचा सारा रोष कमिशनरावर होता, आणि हा तरुण सांगत होता की कमिशनर हे पद मोडू नका. कामे एका जबाबदार अधिकाऱ्यानेच करावीत, बारा जणांच्या कौन्सिलने कारभार हाकू पाहिला तर जबाबदारी बारा वाटांनी पसार होईल. दोष आहे तो त्या अधिकाऱ्यावर देखरेख ठेवणाऱ्या जस्टिसांच्या मंडळीत, कारण ती करदात्यांनी निवडलेली नाही. ती निवडलेली असू द्या, हिशेबाची तपासणी स्वतंत्र माणसाकडे द्या, म्हणजे तोच कमिशनर तुमच्या उपयोगी पडेल. श्रोते क्रॉफर्ड यांच्या विरोधात ठराव करण्याच्या आवेशाने आले होते. क्रॉफर्ड यांच्या कामाविषयी चार बरे शब्द बोलणारा माणूस त्यांना खपला नाही, आणि सभेचा कौल विरुद्ध गेला. आमच्या मते मुंबईच्या नागरी इतिहासात इतक्या अप्रिय भाषणाला इतके दीर्घ आयुष्य दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी लाभलेले नाही. कारण पुढील कायद्यांनी स्वीकारले ते याच भाषणातील तत्त्व.

१८७२ च्या तिसऱ्या कायद्याने चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन निर्माण केले. त्यांतील सोळा सरकारने नेमायचे, सोळा जस्टिसांनी निवडायचे आणि बत्तीस करदात्यांनी. कॉर्पोरेशनच्या पोटी बारा जणांचे एक टाउन कौन्सिल असून खर्चावर व हिशेबावर देखरेख करणे हे त्याचे काम होते. कमिशनर सरकारने नेमावा, पण पैसा त्याने कॉर्पोरेशनच्या मंजुरीनेच खर्चावा. मताचा अधिकार वर्षाला किमान ५० रुपये म्युनिसिपल कर भरणाऱ्यास मिळाला. आज ही अट वाचणारास ती संकुचित वाटेल आणि ती तशी होतीच. पण हिंदुस्थानातील एका थोर शहरात नगरसभेच्या निम्म्या जागा लोकांच्या मताने भरल्या जाऊ लागल्या, ही त्या घडीला लहान गोष्ट नव्हती. विश्वनाथ नारायण मंडलीक, नौरोजी फर्दुनजी, मेहता स्वतः अशी माणसे त्या सभागृहात बसू लागली, आणि अंदाजपत्रकाच्या दिवशी कमिशनराला बाबवार उत्तरे देणे भाग पडू लागले.

या करदात्यांविषयी एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, जी त्यांच्या गौरवाच्या भरात सहसा बोलली जात नाही. पन्नास रुपये पट्टी भरणारा तो बहुधा घराचा मालक; त्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा गिरणीकामगार पट्टीचा भार भाड्याच्या रूपाने वाहत होता, पण त्याचे नाव मतदारांच्या यादीत नव्हते. गटारांवर पैसा खर्चू नका, असे जेव्हा मालकांची सभा म्हणे, तेव्हा त्या काटकसरीची किंमत मालकाच्या माजघरात नव्हे, चाळीच्या नळाशी मोजली जाई. १८९६ साली मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगची पहिली केस ओळखली तेव्हा हे उसने फेडण्याची वेळ आली. प्लेगनंतर गलिच्छ वस्त्या पाडून नवे रस्ते काढण्याचे काम सरकारने कॉर्पोरेशनला न देता १८९८ साली स्थापन केलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला दिले. म्हणजे म्युनिसिपालिटीच्या करांतून ट्रस्टला वाटा द्यायचा, पण त्या वाट्याचा विनियोग ठरविणारे मंडळ वेगळे, अशी व्यवस्था झाली, आणि ट्रस्ट १९३३ साली कॉर्पोरेशनमध्ये विलीन होईपर्यंत ती चालली. हिशेब मागणाऱ्यांनी खर्च करण्याची वेळ आली असता हात आखडला, आणि मग खर्चाचा अधिकारच त्यांच्या हातून काही काळ गेला, असा या प्रकरणाचा अर्थ आम्ही लावतो. इतरांस तो पटेलच असे नाही.

मुंबईत हे चालले असता पुण्यास काय चालले होते, याचा येथे ओझरता उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून गणेश वासुदेव जोशी यांनी २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी केली, आणि तिच्या सभासदांनी लोकांकडून रीतसर मुखत्यारपत्रे घेऊन आपण कोणाच्या वतीने बोलतो हे लेखी सिद्ध करण्याचा पायंडा घातला. मुंबईच्या जस्टिसांना जे कधी सुचले नव्हते ते पुण्याच्या या मंडळींनी कायद्याच्या सक्तीवाचून केले. आणि १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद म्हणून बसत होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. हा पैसा शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मंडईची भव्य इमारत बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, आणि तो अजाणतेपणाचा म्हणता येत नाही, कारण जोतीराव स्वतः बांधकामांचे मक्ते घेत असत व दगड-चुन्याचा भाव त्यांना ठाऊक होता. ती मंडई गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने १८८६ साली उघडली. आज पुण्याची ती मंडई आणि मुंबईची क्रॉफर्ड मंडई या दोन्ही महात्मा फुले यांच्या नावाने ओळखल्या जातात. नगरपालिकांनी आपल्या सर्वांत कठोर हिशेबतपासनिसाची स्मृती जतन करण्यासाठी नेमक्या वादग्रस्त खर्चाच्या इमारती निवडाव्यात, यातील गंमत जोतीरावांना नक्कीच कळली असती.

असो. १८८८ हे साल या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात राहते. त्या साली मुंबईचा तो प्रसिद्ध म्युनिसिपल कायदा मंजूर झाला, जो अनेक दुरुस्त्यांसह अद्याप अमलात आहे. आणि त्याच साली, मुंबईतून केव्हाच निघून गेलेले व आता मध्य विभागाचे कमिशनर झालेले क्रॉफर्ड यांच्यावर मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप येऊन पुण्यात चौकशी कमिशन बसले. कमिशनने लाचेच्या आरोपांतून त्यांना मुक्त केले, परंतु हाताखालच्या माणसांकडून कर्जे घेतल्याचे सिद्ध होऊन त्यांना नोकरी सोडावी लागली. म्युनिसिपल कायद्याचे विधेयक कायदे कौन्सिलात आले तेव्हा त्याच्या मूळ मसुद्यात सरकारचा हात बराच वरचढ होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता या दोघांनी कलमागून कलम झुंजवून त्यास जे रूप आणून दिले ते पाहिले म्हणजे सतरा वर्षांपूर्वीचा तो अप्रिय निबंध कायद्याच्या भाषेत उतरल्यासारखा वाटतो. कॉर्पोरेशनचे सभासद बहात्तर झाले, पैकी छत्तीस प्रभागांतून. टाउन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. कमिशनर सरकारनियुक्तच राहिला, परंतु कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर या तिघांत अधिकारांची अशी वाटणी झाली की एकाने खर्च करावा, दुसऱ्याने मक्ता व रक्कम मंजूर करावी, आणि अंतिम धोरण व कराचा दर तिसऱ्याने ठरवावा. हिशेबतपासनिसांनी दर आठवड्यास जमाखर्च तपासून स्थायी समितीकडे अहवाल द्यावा असेही त्यात आले. वर्षअखेरीस हिशेब तपासणे म्हणजे चोर गेल्यावर कुलूप चाचपणे, हे १८७१ साली शिकलेल्या माणसांचे हे कलम आहे यात शंका नाही.

आकारणीविषयीच्या कलमांत तर करदात्यांची सारी गाऱ्हाणी मुरलेली दिसतात. घर वर्षाच्या बोलीने वाजवी रीतीने किती भाड्याने जाईल तो आकडा धरावा, दुरुस्ती आदिकरून खर्चाबद्दल त्यातून दहा टक्के वजा करावेत आणि उरेल ते करयोग्य मूल्य समजावे. प्रत्येक प्रभागाची आकारणीची नोंदवही ठेवावी, ती तयार झाल्याची जाहीर नोटीस द्यावी, करदात्यास ती पाहू द्यावी व उतारा घेऊ द्यावा. मूल्य वाढविले असल्यास मालकास खास नोटीस द्यावी. मुदतीत तक्रार आल्यास तिची सुनावणी होऊन निकाल नोंदला जावा. आणि मुख्य गोष्ट ही की कमिशनराच्या निकालावर २१७ व्या कलमान्वये लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाकडे अपील करता यावे. पट्टी बसविणारा आणि पट्टीचा तंटा निवडणारा हे दोघे येथे अलग झाले. अपिलाला अटीही आहेत. आधी कमिशनराकडे तक्रार केलेली असली पाहिजे, कराच्या बिलाविरुद्ध अपील असेल तर रक्कम आधी भरली पाहिजे, आणि या अटींत पुष्कळांची अपिले अडखळतात. तरीही धोबीतलावच्या त्या न्यायालयात शेजारच्या इमारतीचा उतारा, भाडेपावत्यांचा गठ्ठा आणि दहा टक्क्यांचा हिशेब घेऊन उभा राहणारा साधा घरमालक हे दृश्य या कायद्याने शक्य केले. शेजारच्या घराची आकारणी पाहण्याचा हक्क ही तर करदात्याच्या हातातील सर्वांत तीक्ष्ण वस्तू. आपले मूल्य अवाजवी आहे हे सिद्ध करणे कठीण असते, पण समोरच्या तशाच घराचे मूल्य आपल्याहून कमी का, या प्रश्नाला करनिर्धारकाजवळ उत्तर असावे लागते.

यानंतरची काही दशके आम्ही झपाट्याने ओलांडतो. पोलिसांचा खर्च म्युनिसिपालिटीने सोसायचा व त्यांच्यावर हुकमत सरकारने चालवायची, हा जुना वाद १९०७ साली मिटला; सरकारने पोलिसांचा खर्च स्वतःकडे घेतला आणि मोबदल्यात प्राथमिक शिक्षण व काही वैद्यकीय मदत यांचा भार कॉर्पोरेशनवर आला. त्याच वर्षी मेहतांना कॉर्पोरेशनबाहेर ठेवण्यासाठी अकाउंटंट जनरल हॅरिसन प्रभृतींनी कट रचला, जस्टिसांच्या मतांत मेहता सतरावे आले व जागा सोळाच होत्या. पुढे निवडून आलेल्या एकाची निवड रद्द ठरून ते आत गेले. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूस मत मिळाले, आणि पट्टी शेवटी ज्याच्या खिशातून जाते तो माणूस निदान काही प्रमाणात यादीत आला. १९४८ साली प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली. करदाता आणि मतदार हे दोन शब्द त्या दिवशी कायद्याने वेगळे झाले. ते योग्यच झाले, परंतु जमाखर्च वाचण्याचा जो अभ्यास पन्नास रुपयांच्या मतदाराला स्वार्थापोटी करावा लागे, तो अभ्यास नव्या मतदाराला करवून देण्याची जबाबदारी कोणी उचलली नाही.

आकारणीच्या इतिहासाला मात्र स्वातंत्र्यानंतर एक अनपेक्षित फाटा फुटला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. पट्टी वाजवी भाड्यावर, आणि वाजवी भाडे तेच जे कायद्याने घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कलकत्त्याच्या पद्मा देवी खटल्यात व पुन्हा १९७९ साली दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात हे सूत्र पक्के केले. परिणाम असा झाला की गिरगावातील किंवा कुलाब्यातील जुन्या वाड्याचे करयोग्य मूल्य जवळजवळ आहे तेथेच राहिले, आणि उपनगरात नवी सदनिका घेणारा मध्यमवर्गीय त्याच्या कित्येक पट कर भरू लागला. या असमानतेला उतारा म्हणून १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारणी करण्याची पद्धत आली. पद्धत बदलली तरी भांडण मिटले नाही. मालमत्ताधारकांच्या संघटनेने नव्या नियमांना उच्च न्यायालयात आव्हान दिले. जमिनीवर आज काय उभे आहे हे न पाहता उद्या तिच्यावर किती बांधकाम चढू शकेल या संभाव्यतेवर मूल्य धरण्याची सोय त्या नियमांत होती, आणि तिच्याविरुद्ध मुख्य तक्रार होती. उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये नियम २०, २१ आणि २२ रद्द ठरविले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. अस्तित्वात नसलेल्या मजल्याची पट्टी कोणी भरू नये, हे तत्त्व १८७१ च्या घरधन्यांनाही विनासायास समजले असते.

हा निकाल आला तेव्हा त्यावर चर्चा करण्यास सभागृह नव्हते. निर्वाचित महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती, निवडणुका झालेल्या नव्हत्या, आणि राज्य सरकारने आयुक्तांनाच प्रशासक नेमून महापालिका व स्थायी समिती या दोहोंचे अधिकार त्यांच्याकडे दिले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुढील वर्षाचा ५२,६१९ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प सादर झाला तो प्रशासकाच्या नात्याने बसलेल्या आयुक्तांपुढे, त्यांच्याच हाताखालील अतिरिक्त आयुक्तांकडून, मंजुरीही तेथेच. पुढच्याच महिन्यात, राज्य सरकारच्या विनंतीवरून देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महापालिकेच्या ७६ कामांची, सुमारे बारा हजार कोटी रुपयांच्या व्यवहारांची, जी खास तपासणी केली होती तिचा अहवाल विधिमंडळात ठेवला गेला. निविदा न मागविता दिलेली कामे आणि करारनामा न करता चाललेली कामे यांची नोंद त्यात आहे. त्यांतील बहुसंख्य व्यवहार सभागृह अस्तित्वात असताना, स्थायी समितीच्या डोळ्यांदेखत झालेले होते.